आरंभ करणारा आणि सांभाळणारा

ईश्वर सिद्ध करण्यासाठी भारतीय तर्कशास्त्राने सर्वांत जास्त कोणाला राबवले असेल तर ते कुंभाराला. मडके आहे म्हणजे ते घडवणारा कोणीतरी आहे. जगही मडक्यासारखेच घडलेले कार्य आहे. मग त्याचाही कर्ता असलाच पाहिजे, हा युक्तिवाद न्यायदर्शनाच्या ग्रंथांतून शतकानुशतके फिरत आला आहे. धाराशिव जिल्ह्यात कुंभार म्हटले की तेरचे गोरोबाकाका आठवतात, आणि त्यांच्या कथांतला कुंभार नैयायिकांच्या कुंभाराहून फार निराळा निघतो. तो भजनाच्या नादात स्वतःचे मूल चिखलात तुडवतो, थापटण्याने संतांची डोकी ठोकून नामदेवांना कच्चे मडके ठरवतो, आणि हात गेल्यावर त्याच्या घरी राबायला खुद्द विठ्ठल गडी होऊन येतो. तर्कग्रंथात देव विश्वाचा कुंभार आहे, लोककथेत तो कुंभाराच्या घरचा गडी आहे. एक काम सुरू करून देतो, दुसरा सुरू असलेले काम निभावून नेतो. या दोन्ही भूमिका एकाच्याच, असे आपण न बोलता गृहीत धरून चालतो. हे गृहीत तपासायला सध्या एक अनपेक्षित जागा सापडली आहे: लहान आकाराच्या अणुसंमीलन यंत्रांत विद्युतप्रवाह पहिल्यांदा सुरू कसा करायचा, हा प्रश्न. ईश्वर आहे की नाही याचा निकाल त्या यंत्रात लागणार नाही. पण ‘आरंभाला कोणीतरी लागतोच’ या वाक्यावरून आपण पुढे जी उडी मारतो ती किती लांबची आहे, हे तिथे चांगले मोजता येते.

दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली. तिच्या पाचव्या स्तबकात ईश्वर सिद्ध करणाऱ्या हेतूंची मालिका आहे. पहिला हेतू कार्य, म्हणजे मडक्याचा. दुसरा आयोजन. सृष्टीच्या आरंभी परमाणू सुटे आणि निश्चल असतात. दोन परमाणू जुळून द्व्यणुक व्हायचे तर आधी त्यांच्यात हालचाल व्हायला हवी. परमाणू तर जड, आणि जड वस्तू चेतनाच्या प्रेरणेवाचून कामाला लागत नाही. तेव्हा ती पहिली हालचाल ज्याच्या प्रयत्नाने झाली तो ईश्वर. तिसरा हेतू धृती, म्हणजे जग कोसळत नाही, कोणीतरी ते धरून ठेवले आहे. पहिल्या दोन हेतूंची चर्चा उदंड झाली, तिसरा मागे राहिला. आयोजनातली अडचण मात्र उदयनांच्या कितीतरी आधी शंकराचार्यांनी नेमकी पकडली होती. ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात, दुसऱ्या पादात, परमाणुवादी वैशेषिकांचा समाचार घेताना ते विचारतात की परमाणूंच्या पहिल्या हालचालीचे कारण काय? प्रयत्न म्हणावा तर प्रयत्नाला शरीर आणि मन लागते. आघात म्हणावा तर आधी कोणीतरी हलत असायला हवे. या दोन्ही गोष्टी सृष्टी झाल्यानंतरच्या. सृष्टीच्या आधी त्या आणायच्या कुठून? अदृष्टाचे, म्हणजे जीवांच्या साठलेल्या पाप-पुण्याचे, नाव घ्यावे तर तेही जडच. उदयनांचे उत्तर तयार होते: म्हणूनच ईश्वर मानायचा, कारण त्याचा प्रयत्न नित्य आहे आणि त्याला शरीर लागत नाही. आरंभासाठी जे लागते ते आरंभानंतरच मिळते, हा शंकराचार्यांनी दाखवलेला पेच डोळ्यांपुढे ठेवूनच यंत्राकडे वळावे.

टोकामॅक हे अणुसंमीलनाचे यंत्र कळायला उमरगा तालुक्यातल्या शेतकऱ्याला फार कष्ट पडू नयेत, कारण त्याचे मूळ तत्त्व शेताच्या कडेला उभ्या असलेल्या डीपीत आहे. डीपीत तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. एकीतला प्रवाह बदलत राहिला की दुसरीत, तिला हात न लावता, प्रवाह उमटतो. टोकामॅकमध्ये पहिली गुंडाळी म्हणजे मध्यभागी उभा केलेला सोलेनॉइड. दुसरी गुंडाळी तारेची नसते. कड्याच्या आकाराच्या निर्वात पात्रात सोडलेला विरळ वायूच दुसऱ्या गुंडाळीचे काम करतो. त्या वायूचा प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला विद्युतवाहक वायू, करायचा आणि त्यातून प्रवाह वाहवायचा. हा प्रवाह दुहेरी उपयोगाचा आहे: तो प्लाझ्मा तापवतो, आणि त्याच्या स्वतःच्या चुंबकीय क्षेत्रामुळे बाहेरच्या कॉइलींच्या क्षेत्राला असा पीळ बसतो की तापलेला प्लाझ्मा भिंतीला न टेकता अधांतरी राहतो. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 1989 मध्ये सुरू झालेला ‘आदित्य’ याच पद्धतीचा. त्याच्या कड्याची मोठी त्रिज्या पाऊण मीटर. तिथेच 2013 मध्ये ‘एसएसटी-1’ या अतिवाहक चुंबकांच्या टोकामॅकमध्ये पहिला प्लाझ्मा निघाला. डीपी आणि टोकामॅक यांच्यात एक मोठा फरक आहे. डीपीतला प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा आलटून पालटून वाहतो, त्यामुळे ती वर्षानुवर्षे चालते, म्हणजे जळेपर्यंत. टोकामॅकला प्रवाह एकाच दिशेने हवा असतो, आणि सोलेनॉइडमधला प्रवाह एकाच दिशेने कायम बदलत ठेवता येत नाही. तो कधीतरी मर्यादेला पोहोचतो आणि प्रेरणा संपते. सोलेनॉइड आरंभ उत्तम करून देतो, पण निरंतर चालवू शकत नाही.

हा आरंभ जवळून पाहण्यासारखा आहे. पात्रातली हवा उपसून काढलेली असते, आणि मग त्यात हायड्रोजन इतका थोडा सोडतात की त्याचा दाब वातावरणाच्या एक कोटीव्या हिश्शाच्या घरात राहतो. सोलेनॉइडमधला प्रवाह झपाट्याने बदलला की कड्याच्या एका फेऱ्यात आदित्यसारख्या यंत्रात सुमारे वीस व्होल्टचा दाब तयार होतो. घरातल्या प्लगमध्ये याच्या दहापटीहून जास्त असतो. या वीस व्होल्टवर एखादा मोकळा इलेक्ट्रॉन धावू लागतो, हायड्रोजनच्या रेणूवर आदळतो, त्यातून आणखी एक इलेक्ट्रॉन सुटतो. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि काही सहस्रांश सेकंदांत सगळा वायू विद्युतवाहक होतो. पण त्यासाठी इलेक्ट्रॉनला भिंतीवर न आपटता कड्याभोवती लांब मजल मारता आली पाहिजे. आजूबाजूच्या कॉइलींचे अगदी क्षीण भरकटलेले क्षेत्रसुद्धा त्याला वाटेतच भिंतीकडे वळवते, म्हणून अभियंते पात्राच्या एका भागात ही नकोशी क्षेत्रे एकमेकांना मारून जवळजवळ शून्य करून ठेवतात. पुढचा अडथळा भिंतीतून सुटलेल्या कार्बन-ऑक्सिजनचा. ते उष्णता किरणांवाटे उधळून टाकतात आणि कोवळा प्लाझ्मा तिथेच विझू शकतो. तो अडथळा ओलांडला, प्रवाह पुरेसा वाढला, की त्याच्या क्षेत्रामुळे चुंबकीय रेषा भिंतीकडे न जाता स्वतःवरच मिटतात. या क्षणापासून प्लाझ्माला घर मिळते.

आणि तो पहिला मोकळा इलेक्ट्रॉन कुठून आला? सोलेनॉइडने तो निर्माण केला नाही. अवकाशातून अखंड कोसळणारे वैश्विक किरण आणि आसपासच्या पदार्थांतली नैसर्गिक किरणोत्सारिता यांमुळे कोणत्याही वायूत असे थोडे इलेक्ट्रॉन सुटे असतातच. प्रयोगशाळेत केवळ त्यांच्या भरवशावर बसत नाहीत. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सोडतात किंवा एसएसटी-1 मध्ये करतात तसा सूक्ष्मलहरींचा मारा करून वायू आधीच थोडा आयनित करून घेतात. पण तारेतून सुटणारा इलेक्ट्रॉनही तारेत आधीपासून होताच. ज्याला आपण ‘सुरुवात’ म्हणतो तिने आधीच चालू असलेल्या एखाद्या गोष्टीला दिशा दिलेली असते. हायड्रोजनचे रेणू तर सोलेनॉइड चालू होण्याआधीही सैरावैरा धावतच होते. उदयनांना हवे असलेले निश्चल परमाणू कोणत्याही यंत्राला भेटलेले नाहीत.

आता खरा पेच. टोकामॅक लहान आणि स्वस्त करायचा तर त्याचे कडे जाड आणि मधले भोक अरुंद करणे फायद्याचे ठरते. कमी चुंबकीय बळात जास्त दाबाचा प्लाझ्मा धरता येतो. या घाटाला स्फेरिकल टोकामॅक म्हणतात. इंग्लंडमध्ये कलहॅमला 1991 मध्ये ‘स्टार्ट’ या यंत्राने तो करून दाखवला. पुढे तिथेच ‘मास्ट’ आणि अमेरिकेत प्रिन्स्टनला ‘एनएसटीएक्स’ ही मोठी यंत्रे आली. ऑक्सफर्डजवळच्या टोकामॅक एनर्जी या खासगी कंपनीच्या ‘एसटी40’ या छोट्या यंत्राने दहा कोटी अंश सेल्सिअस तापमान गाठल्याचे 2022 मध्ये जाहीर झाले. अडचण अशी की मधले भोक अरुंद झाले की सोलेनॉइडला जागाच उरत नाही. शिवाय ड्युटेरियम-ट्रिटियमचे संमीलन सुरू झाले की बाहेर पडणारे वेगवान न्यूट्रॉन त्याच्या आवरणाची वाट लावतील. म्हणून गेली दोन-तीन दशके संशोधक सोलेनॉइडवाचून आरंभ करण्याचे मार्ग शोधत आहेत. स्टार्टमध्ये पात्राच्या आतल्याच कॉइलींभोवती प्लाझ्माची दोन कडी उठवून ती मध्यावर एकमेकांत विलीन केली. एसटी40 हीच रीत वापरते. एनएसटीएक्समध्ये पात्राच्या आतल्या-बाहेरच्या भिंतींमध्ये विद्युतदाब देऊन चुंबकीय पीळ असलेला प्रवाहच आत ढकलला, आणि 2006 मध्ये सोलेनॉइडशिवाय 160 किलोअँपिअरचा मिटलेला प्रवाह मिळवला. विस्कॉन्सिनच्या ‘पेगासस’मध्ये काठावर बसवलेल्या छोट्या उगमांतून प्रवाहाच्या धारा सोडतात, त्या एकमेकांत गुंतून एक होतात. क्योटो आणि क्युशू विद्यापीठांत केवळ सूक्ष्मलहरींनी प्रवाह उठवण्याचे प्रयोग झाले. प्रत्येक रीतीला तिची खोट आहे: आतल्या कॉइली वीजकेंद्रात न्यूट्रॉनपुढे टिकणार नाहीत, भिंतीत दाब दिला की भिंतीचा मळ प्लाझ्मात येतो, सूक्ष्मलहरींनी मिळणारा प्रवाह तोकडा पडतो.

मग प्लाझ्माने आपला प्रवाह आपणच का उठवू नये? गंमत म्हणजे तो उठवतो. 1971 मध्ये कलहॅमच्या सिद्धांतकारांनी दाखवले की प्लाझ्मा मध्यभागी दाट-तप्त आणि काठाला विरळ-थंड असला की त्या उतारामुळेच काही कण केळ्याच्या आकाराच्या कक्षांत झुलतात आणि त्यांच्या घासण्यातून चुंबकीय रेषांच्या दिशेने एक प्रवाह आपोआप वाहू लागतो. 1980 च्या दशकात प्रयोगांत तो प्रत्यक्ष मोजला गेला. त्याला बूटस्ट्रॅप प्रवाह म्हणतात, आणि भविष्यातल्या स्फेरिकल टोकामॅकच्या वीजकेंद्रांत बहुतांश प्रवाह असाच मिळवायचा बेत आहे. पण शून्यातून तो सुरू होत नाही. त्याला दाबाचा उतार लागतो. उतार टिकायला प्लाझ्मा कोंडलेला लागतो. कोंडायला मिटलेल्या चुंबकीय रेषा लागतात. आणि त्या रेषा मिटायला आधी प्रवाह लागतो. शंकराचार्यांनी परमाणूंच्या बाबतीत जो पेच दाखवला तो इथे धातूच्या पात्रात जसाच्या तसा उभा राहतो. इतकेच नाही, तर प्लाझ्माच्या ऐन गाभ्यात उतार शून्य असतो, म्हणून तिथे बूटस्ट्रॅप प्रवाहही शून्य. तेवढा बीजप्रवाह कायम बाहेरून द्यावा लागतो. नैयायिक इथे खूश होईल. पाहा, स्वयंभू म्हणवणाऱ्यालाही बीज दुसऱ्याकडून घ्यावे लागले! त्याची ही खुशी मी अर्धी मान्य करतो. आरंभाला आणखी काहीतरी लागते, हे खरेच. पण त्या ‘काहीतरी’चे पुढे काय होते?

पुढे ते निघून जाते. भिंतीतून पीळ ढकलणारी रीत काही सहस्रांश सेकंदांत आपले काम आटोपते. दोन कडी विलीन झाली की त्यांना जन्म देणाऱ्या कॉइलींचे काम संपते. त्यानंतर प्रवाह वाढवायचा आणि टिकवायचा भार दुसऱ्या यंत्रणेवर जातो: आजवर बहुतेक ठिकाणी उरल्यासुरल्या सोलेनॉइडवर, उद्या कणांच्या झोतांवर, सूक्ष्मलहरींवर आणि बूटस्ट्रॅप प्रवाहावर. सांख्य आणि वेदान्ती कुंभाराच्या चाकाचा दृष्टांत देतात: काठी काढून घेतली तरी चाक आधीच्या वेगाने फिरत राहते, तसे ज्ञान झाल्यावरही देह चालत राहतो. प्लाझ्माला ही सवलतसुद्धा नाही. आरंभ करणारा गेला आणि सांभाळणारा आला नाही तर प्रवाह विरत जातो. आरंभाचे सामर्थ्य आणि सांभाळण्याचे सामर्थ्य ही दोन वेगळ्या जातीची आहेत, दोन वेगळ्या साधनांत आहेत, आणि एकाच्या असण्यावरून दुसऱ्याचे असणे निघत नाही. आयोजनाचा हेतू उदयनांना पूर्ण बहाल केला, त्यातून एक आद्य प्रेरक सिद्ध झाला असे धरले, तरी तो प्रेरक आज आहे का, त्याला आपली खबर आहे का, प्रार्थना त्याच्यापर्यंत पोहोचते का, यांपैकी काहीही हाती लागत नाही. सोलेनॉइडही एक आद्य प्रेरकच आहे.

उमरग्याच्या या भागाला आरंभाचा प्रश्न ग्रंथांतून कळला असे नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणेश विसर्जनाच्या रात्री, किल्लारी-सास्तूर भागात 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होते. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर ‘हे कशाने झाले’ हा प्रश्न देवळात आणि शास्त्रज्ञांच्या बैठकांत एकाच वेळी विचारला गेला. कोणी देवाचा कोप म्हटले. काही भूवैज्ञानिकांनी माकणीच्या निम्न तेरणा धरणातल्या पाण्याने खडकांत साचलेला ताण मोकळा केला का, याची चर्चा केली. 1967 च्या कोयनेच्या भूकंपामुळे तो संशय महाराष्ट्रात नवा नव्हता. धरणाचा हात होता की नव्हता, याने एक गोष्ट बदलत नाही. ताण साचायला लागलेला काळ माणसाच्या हिशेबात न मावणारा. चाप ओढणारे निमित्त क्षुल्लकही असू शकते. आणि माणसे मेली ती या दोन्हींहून निराळ्या, तिसऱ्याच कारणाने: वर जड धाब्याची छपरे आणि खाली मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती. ‘कोणी सुरू केले’ या एका प्रश्नात हे तिन्ही कोंबले की एक कर्ता शोधण्याचा मोह होतो, आणि मोहाच्या भरात त्याच्यावर कोप किंवा कृपा यांपैकी जे हवे ते लादता येते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. सोलेनॉइड असो वा सूक्ष्मलहरी, त्या बसवणारा अभियंता चेतनच आहे ना? आरंभ करणारी आणि सांभाळणारी साधने दोन असतील, पण दोन्हींच्या मागे बुद्धी एकच. मग यंत्राचा दाखला ईश्वराच्या बाजूनेच पडतो. याचे उत्तर सातव्या शतकात बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी देऊन ठेवले आहे. मडके मातीचे आणि कुंभाराने केलेले, म्हणून मातीचे वारूळही कुंभारानेच केले असे म्हणायचे का? ज्या जातीचे कार्य ज्या जातीच्या कर्त्याकडून होताना पाहिले, तेवढ्याच जातीचे अनुमान चालते. टोकामॅकवरून अनुमान करायचेच तर निघणारे कर्ते अनेक आहेत, देहधारी आहेत, एकमेकांशी मतभेद असलेले आहेत, आधीपासून असलेल्या तांब्या-पोलादावर अवलंबून आहेत, आणि त्यांचे पुष्कळ प्रयोग फसतात. असा ईश्वर नैयायिकाला नको आहे. त्याला एक, सर्वज्ञ आणि अशरीर हवा आहे, आणि हे तिन्ही गुण दृष्टांतातून येत नाहीत. ते बाहेरून आणून चिकटवावे लागतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो सूर्याचा. सूर्यातले संमीलन कोणत्याही कॉइलीशिवाय पेटले. वायूचा प्रचंड ढग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसत गेला, तापला, आणि गाभ्यात हायड्रोजन जळू लागला. आज सुमारे साडेचार अब्ज वर्षांनंतरही तेच गुरुत्वाकर्षण त्याला धरून आहे. इथे आरंभ करणारा आणि सांभाळणारा एकच निघाला! हा आक्षेप मला मान्य आहे, आणि माझ्या म्हणण्याला त्याने एक आवश्यक मर्यादा पडते. दोन्ही भूमिका एकाच्या असू शकतात. पण सूर्याच्या बाबतीत ते आपण आरंभावरून ओळखले नाही. आज सूर्याचा दाब आणि गुरुत्व यांचा तोल कसा राहतो याचे गणित स्वतंत्रपणे मांडले, ते तपासले, तेव्हा कळले की दोन्हीकडे एकच बळ आहे. एकत्व सिद्ध करावे लागले. ईश्वरवादात नेमकी हीच पायरी गाळली जाते: आयोजनाने एक प्रेरक आला, धृतीने एक धारक आला, आणि दोघे एकच आहेत हे ‘दोन कशाला मानायचे’ एवढ्या लाघवाच्या तत्त्वावर उरकले जाते. लाघव हा युक्तिवादातला गुण आहे, पुरावा नव्हे.

तिसऱ्या आक्षेपाकडे मला फार वेळ द्यावासा वाटत नाही, पण तो हटकून येतो. विज्ञानाच्या गोष्टी दर्शनांत शोधणे म्हणजे ‘सगळे आमच्या ग्रंथांत होतेच’ या खेळाचा सभ्य अवतार, असा हा आक्षेप. शंकराचार्यांना प्लाझ्मा ठाऊक नव्हता, उदयनांना चुंबकीय रेषा ठाऊक नव्हत्या, आणि त्यांना त्या ठाऊक होत्या असे म्हणणारा त्यांचा अपमानच करतो. त्यांच्याकडून घ्यायची ती युक्तिवादाची घडण. घडण जुनी झाली म्हणून गंजत नाही, आणि नव्या वस्तूवर घासून पाहिल्यानेच तिची धार कळते. उलट दिशेचा मोहही तितकाच टाळावा. 1955 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून मुंबईच्या होमी भाभांनी संमीलनाची ऊर्जा दोन दशकांत ताब्यात येईल असे भाकीत केले होते. सत्तर वर्षे उलटली. संमीलन पेटवणे प्रयोगशाळांना जमले, वीज देण्याइतके ते सांभाळणे अजून जमलेले नाही. आरंभ आणि सांभाळ यांतले अंतर याहून ढळढळीतपणे कुठे दिसावे! महास्फोटाचा दाखला देऊन आद्य प्रेरक सिद्ध करू पाहणाऱ्यांनाही हेच लागू पडते. विश्व एका अतितप्त अवस्थेतून प्रसरण पावत आले, एवढे तो सिद्धांत सांगतो. त्या अवस्थेच्या आधी निश्चल शून्य होते आणि कोणी त्याला ढकलले, हे तो सांगत नाही. मीमांसकांनी तर सृष्टीला आरंभ होता हेच मानले नव्हते, आणि वेदांवर त्यांच्याइतकी निष्ठा दुसऱ्या कोणाची होती? आद्य प्रेरक नाकारणे म्हणजे नास्तिक होणे, हे समीकरण आपल्या परंपरेत कधीच सरसकट नव्हते.

उरतो भक्ताचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो: हा सगळा काथ्याकूट कोणाला हवा आहे? उमरग्याच्या जुन्या महादेव मंदिरात पाण्याचा तांब्या घेऊन जाणारी बाई आद्य प्रेरकाला पाणी घालायला जात नाही. कर्नाटकच्या सीमेपलीकडे जवळच असलेल्या बसवकल्याणात बाराव्या शतकात शरणांनी देव शोधला तो कायकात, रोजच्या कष्टात. विश्वाच्या पहिल्या क्षणात नव्हे. पंढरीची वाट धरणाऱ्यालाही विठ्ठलाने जग कधी आणि कसे सुरू केले याची उत्सुकता क्वचितच असते. हे खरे आहे, आणि माझ्या म्हणण्याच्या विरोधात नसून त्याला पूरक आहे. लोकांनी ज्याची पूजा केली तो देव नेहमीच सांभाळणारा होता. पंडितांनी ज्याचे अनुमान केले तो आरंभ करणारा होता. कीर्तनात वा व्याख्यानात आज जेव्हा कोणी ‘विज्ञानालाही पहिला धक्का देणारा मानावा लागतो’ असे सांगून टाळ्या घेतो, तेव्हा तो पंडितांचा देव सिद्ध करून लोकांच्या देवाच्या नावावर खपवत असतो. त्या देवाला असल्या उसन्या आधाराची गरज आहे असे मला वाटत नाही.

तरीही काथ्याकूट वाया जात नाही, आणि हे सांगणारे उदयनच आहेत. ग्रंथाच्या सुरुवातीलाच ते म्हणतात की श्रवणानंतर येणारे मनन हीही एक उपासनाच, आणि आपली ही सारी तर्कचर्चा त्या मननातच मोडते. असे असेल तर त्यांचा कच्चा हेतू कच्चा म्हणणे हाही त्या उपासनेचाच भाग ठरतो. गोरोबांचे थापटणे नामदेवांच्या डोक्यावर पडले, तर उदयनांच्या ग्रंथावर का पडू नये? आयोजन बाजूला ठेवले की यादीत लगेच पुढे धृती उभी आहे. तिथे प्रश्न निराळे आहेत. जे टिकते ते कशामुळे टिकते? टिकवणारे अनेक आहेत की एक? आणि भिंती कोसळल्या त्या पहाटे धृती कुठे होती? या तिसऱ्या प्रश्नाला सास्तूरमध्ये कोणी नैयायिक उत्तर घेऊन गेला नाही. तो वाद वेगळ्या पुराव्यावर चालवावा लागेल, आणि तो पुरावा टोकामॅकमध्ये मिळणार नाही.